प्रवासाचीं पथ्यें : लक्षद्वीप

आम्हां महाबळेश्वरकरांस पाहुण्यांची संवय आहे. परंतु क्षेत्रांतील पंचगंगेच्या देवळांत कोणी जोडे घालून शिरला, तर तो कितीहि पैसे खर्च करो, आमच्या मनांतून उतरतो. लक्षद्वीपास जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांनीं हेंच माप स्वतःस लावावें.

कोचीच्या पश्चिमेस अरबी समुद्रांतील या बेटांपैकीं 10 बेटांवर वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेंत लोकसंख्या 64,473 भरली; तींत शेंकडा 96 हून अधिक मुसलमान. प्रवेशाचा परवाना हातीं आल्यावांचून आगबोटीचें तिकीट काढूं नये. पावसाळ्यांत समुद्र खवळतो. तो काळ टाळावा.

मद्य बरोबर नेऊं नये. वस्तींत अंगभर वस्त्रें असावींत. स्त्रियांचीं छायाचित्रें विचारल्याविना घेऊं नयेत. रमजानांत दिवसा चारचौघांत खाऊं नये. इस्लामी कालगणनेंत अधिकमास नसल्यानें हा महिना दरवर्षीं सुमारें 11 दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तारीख पाहूनच निघावें. मासळी हें तेथील मुख्य अन्न; शाकाहारी मंडळींनीं फराळाचें बरोबर घ्यावें. गोडें पाणी म्हणजे जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. अधिक उपसा झाल्यास विहिरी खारट होतात. स्नान बादलीभर पाण्यांत उरकावें.

आणखी एक. सनातनी समाज म्हणजे स्त्री परवश, असें गृहीत धरूं नये. तेथें घराण्याची सामाईक मिळकत आईच्या वंशानें चालत आली आहे. आपल्या घरच्या लेकीसुनांनीं तेवढें अवश्य विचारून यावें.