त्यात काय एवढं!

“व्हॉल्व्ह म्हणजे शेवटी बल्बच की! जुना काढायचा, नवा लावायचा. त्यात काय एवढं?” असं म्हणणाऱ्या माणसांशी माझं उघड भांडण आहे.

निमित्त माझ्या भाच्याच्या गिटारच्या अँप्लिफायरचं. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाले मात्र त्यांना सोडायला तयार नाहीत. आवाज चढवला की व्हॉल्व्ह ज्या गोडीनं फाटतो, ते फाटणंच त्यांना हवं असतं. तर भाच्याच्या ५० वॅटच्या अँप्लिफायरमधले दोन ईएल-३४ थकले. “व्हॉल्व्ह गेलाय,” असं मी म्हणताच बायको आतून ओरडली, “मग आधी गॅस बंद करा!”

भाच्याचा एक जाणकार मित्र धावून आला. जुने व्हॉल्व्ह उपटले, नवे खोचले. “बायस लावलास का रे?” मी विचारलं. “काका, जोडी जुळवलेली आहे. बायस कशाला?”

अरे बाबा, नवरा-नवरीची पत्रिका जुळली, पण सासरचं काय? दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळले म्हणजे अँप्लिफायरशी जुळले असं नव्हे! तिसऱ्या गाण्याला आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली. “काय मस्त दिसतंय ना, काका?” मी प्लग उपटला.

प्रकरण तसं साधं आहे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे लोकलच्या गर्दीसारखे धावतात. मधल्या जाळीवर काही ऋण व्होल्ट ठेवले की गर्दी आवरते. हाच बायस. इंग्रजीत बायस म्हणजे पूर्वग्रह. तो माणसाला नसावा, व्हॉल्व्हला मात्र असावाच लागतो. कमी पडला तर व्हॉल्व्ह भाजून निघतो, जास्त झाला तर आवाज कोरडा पडतो.

“आम्ही कानानं लावतो,” म्हणणारा दुसरा एक पंथ आहे. कान भाजल्याचं ऐकतो का? ईएल-३४च्या प्लेटला २५ वॅट सोसतात. वाजवणं बंद असताना त्याच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे साडेसतरावर थांबावं. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर भागा. सुमारे ३९ मिलिअँपिअर. शाळकरी पोराचा भागाकार! मीटर लावायचा आणि तेवढा आकडा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

मी हटवादी नाही. पुढचे छोटे ईसीसी-८३ खुशाल बल्बसारखे बदला. कॅथोड-बायसच्या अँप्लिफायरला तर बहुधा हा स्क्रूच नसतो. फिरवावा लागतो तो ‘फिक्स्ड’ बायस! ‘एकच भाव’ अशी पाटी लावलेल्या दुकानात घासाघीस करावी लागते, तसंच हे.

पण व्हॉल्व्ह जळण्याचं मला फारसं दुःख नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असतात. प्लग काढलाय म्हणून निर्धास्तपणे हात घालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून ज्याला माहीत नाही, त्यानं झाकण उघडू नये. आम्ही शेवटी रेडिओ दुरुस्त करण्यात केस पिकलेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी कपॅसिटर रिकामे केले, मग मीटर लावला. पंधरा मिनिटांत काम झालं. मजुरी ऐकून तो जाणकार मित्र म्हणाला, “स्क्रू फिरवायचे एवढे?”

फिरवायचे नव्हेत रे, कुठे थांबायचं ते ठाऊक असण्याचे! परदेशी व्हॉल्व्हला हवे तेवढे पैसे मोजणारी ही मंडळी मिस्त्रीच्या हातावर नोटा ठेवताना का कुरकुरतात? असे मिस्त्री संपले की मग बसा कानानं लावत.

हे सगळं मी बायकोला तावातावानं ऐकवलं. तिनं शांतपणे छताकडे बोट दाखवलं.

गेल्या रविवारी कुकरचा व्हॉल्व्ह मी स्वतः बदलला होता. त्यात काय एवढं! वरणाचे डाग अजून गेलेले नाहीत.