काचेला सर्व्हेअर, कपाशीला सरासरी



आता आपल्यातही कुणाच्या दारात जुनी जीप असते, कुणाच्या दारात पिकअप. दगड उडून समोरची काच तडकली तर विमा काय देतो, हे एकदा समजून घ्या. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यात आपल्या काचेचा एक पैसा मिळत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतला असेल तरच काच मिळते. आणि काचेला घसारा शून्य! गाडी दहा वर्षांची असली तरी नव्या काचेची किंमत धरतात. भोवतीच्या रबराची मात्र निम्मी कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले १,००० रुपये आपल्या खिशातून जातात. शिवाय दावा केला की २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढत गेलेली 'नो क्लेम' सूट जाते. तेव्हा लहानशा काचेसाठी कागद रंगवण्याआधी हिशेब मांडा.

त्याच विमापत्रात जोखमींची यादी असते. आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर आणि गारपीटसुद्धा. गारांनी काच फुटली तर सर्व्हेअर तीच गाडी पाहतो. गावातल्या बाकीच्या काचा शाबूत आहेत का, असे तो विचारत नाही.

तीच गार कपाशीवर पडली तर? १९८५ च्या पीक विमा योजनेपासून हिशेब क्षेत्राचा. २०१६ च्या प्रधानमंत्री योजनेत निदान गारपिटीचा पंचनामा एकेका शेतावर व्हायचा, ७२ तासांत कळवले तर. (फोन लागायचा की नाही, ते तुम्हीच सांगा.) २०२५ च्या खरिपात महाराष्ट्र सरकारने तेही काढून घेतले. उरले पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली गेली तर भरपाई, नाही तर तुमचे शेत भुईसपाट झाले तरी शून्य. हप्ता मात्र प्रत्येकाने आपापला भरायचा, कपाशीला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, खरीप ज्वारीला २ टक्क्यांपर्यंत.

लाखो शेते कोण पाहणार, असे साहेब लोक म्हणतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून फोटो चढवतो, तेव्हा एकेक गट बरोबर दिसतो! हप्ता थोडा वाढेल म्हणतात. वाढू द्या, पण जे विकता ते द्या.

जिल्हा मेळाव्यात ठराव एवढाच घ्यावा: गारपिटीचा पंचनामा ज्याच्या त्याच्या शेतावर, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात.