हस्तिदंताची सुंदरी आणि आनंद श्रावक



बुलढाण्याहून धाडमार्गे गेले असता शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन लागते. केळणा नदीकाठच्या या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. येथील दात्यांचे उल्लेख सांची आणि भरहुतच्या शिलालेखांत आढळतात. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच मूर्ती तेर येथेही सापडली. याच घडणीची तिसरी मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे हाती आली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती.

पाँपेईची मूर्ती जेमतेम वीतभर उंचीची आहे. हातांत कांकणांच्या रांगा, पायांत थेट पोटऱ्यांपर्यंत वाळे, कटीला मेखला, कंठी हार! वस्त्र जवळजवळ नाहीच. अलंकार हाच तिचा वेश.

हा व्यापार कसा चाले, हे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथावरून समजते. पैठणचे गोमेदासारखे खडे आणि तेरचे तलम कापड गाड्यांत भरून दुर्गम वाटांनी भडोच बंदरात जाई. पैठण ते भडोच हे अंतर वीस दिवसांचे होते. बदल्यात मद्य, तांबे, कथील, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी येत. स्थानिक चलनाशी अदलाबदल करताना त्या नाण्यांवर नफा सुटे, अशी नोंदही ग्रंथकाराने केली आहे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ती वाचून मौज वाटते. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी करतो. पूर्वेकडेही हाच ओघ होता. भारतीय पद्धतीचे बारीक काचमणी कोरियातील प्राचीन समाध्यांपर्यंत पोहोचले.

या वैभवाकडे आपल्या आगमांनी कसे पाहिले? उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक कोट्यधीश होता. त्याने भगवान महावीरांसमोर परिग्रहाची मर्यादा घातली. पाचशे गाड्या दूरच्या प्रवासासाठी आणि पाचशे मालवाहतुकीसाठी राखल्या. मात्र अंगावर क्षौम वस्त्रांची एकच जोडी, साधी कर्णभूषणे आणि नाममुद्रा एवढेच ठेवले. म्हणजे व्यापार सोडला नाही. त्याला सीमा घातली. त्याच सूत्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा कर्मादान सांगितले आहेत. त्यांत दंतवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्यही आहे. ज्या हस्तिदंतावर रोम भाळले, तो व्यापार श्रावकाला निषिद्ध होता. कारण त्या सुंदरीमागे हत्तीचा जीव होता.

आज हस्तिदंत कायद्यानेच बंद आहे. परंतु विवाहप्रसंगी रेशमी शालू घेताना कोसल्यातील किड्यांची आठवण किती घरांत होते? सोनेतारण कर्ज देताना आमचा मूल्यांकक दागिन्यातील लाखेचे वजन काटेकोरपणे वजा करीत असे. ती लाख ज्या असंख्य कीटकांपासून येते, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याच खात्यात लिहिला जात नसे. नोकरीत असताना मलाही तो कधी सुचला नाही.

आगामी लग्नसराईत खरेदीची यादी करताना आनंद श्रावकाचे स्मरण ठेवावे. यादी लांबली तरी चालेल. तिच्या शेवटी एक मर्यादारेषा मात्र अवश्य ओढावी.