गृहव्यवस्था : वैशाखातील वेष

चैत्रगौरीची हळदीकुंकवे आटोपली, पन्ह्याचे पेले घासूनपुसून फळीवर गेले, आणि आता खरा उन्हाळा सुरू झाला. या सुमारास घरोघरी कपड्यांची आवराआवर होते. पुरुषांच्या झिरझिरीत बंड्या वर येतात, तान्ह्या मुलांना मलमलीची झबली शिवली जातात. गृहिणी मात्र वर्षभर जे नेसते तेच वैशाखातही नेसून ओट्यापुढे उभी राहते. वस्तुतः घरातील सर्वांत तापलेल्या जागी जिला अधिक वेळ उभे राहावयाचे, तिचे वस्त्र सर्वांत हलके असावयास हवे. आपल्या मोठ्या कुटुंबांत बहुधा याच्या उलट घडते. आमच्या आज्या सोवळ्याची धाबळी नेसून चुलीपुढे बसत, याचे आपण मोठे कौतुक सांगतो. त्यांना स्वतःला काय वाटत असे, हे विचारण्याचे मात्र त्या काळी कोणास सुचले नसावे.

आता वस्त्र थंड म्हणजे काय, ते पाहू. कापड स्वतः थंड नसते. घाम वाळताना अंगातील उष्णता काढून नेतो, आणि कापडाने त्या कामी आडकाठी करू नये इतकेच पाहावयाचे असते. एक ग्रॅम घाम वाळताना जी उष्णता नेतो, तेवढ्या उष्णतेने अर्ध्या लिटरहून अधिक पाणी एक अंशाने तापेल, यावरून हे काम केवढे मोलाचे आहे ते ध्यानी येईल. साधारण हवेत शंभर भार कापूस आठ-साडेआठ भार ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा भारसुद्धा धरीत नाही. म्हणूनच तसल्या दाट विणीच्या कापडाखाली घाम अंगावरच साचतो आणि घामोळे उठते. दुकानात ‘कॉटन’ म्हणून जे हाती ठेवले जाते, त्यात पुष्कळदा भेसळ असते. काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जपून जाळून पाहावा : कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली तर सूत, वितळून कडक मणी झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे, असे खुशाल समजावे.

परंतु खरी फसगत वरच्या कापडात नसून आतल्यात असते. साडी निर्भेळ सुती, पोलकेही सुती, आणि पोलक्याचे अस्तर व खालचा परकर तेवढा गुळगुळीत पॉलिएस्टरचा! वरच्या सुताचा मग उपयोग तो काय? शिंप्याकडे कापड टाकताना अस्तर पातळ सुती वायलचे घालण्यास स्पष्ट बजावावे. निम्मा उन्हाळा तेवढ्याने सुसह्य होतो. शिवाय कृत्रिम धागा आचेने वितळून कातडीस चिकटतो, हे स्वयंपाकघरात विसरता येत नाही. सुती पदरही पेट घेतोच. तेव्हा तो खोचलेला असावा, हे सांगणे नलगे.

परकराची गोष्ट निघालीच आहे, तर नाडीविषयीही लिहितो. कमरेवर काळा पडलेला वळ आपल्याकडील कित्येक प्रौढ स्त्रियांना इतका अंगवळणी पडलेला असतो की तो दुखणे आहे असे त्यांना वाटतच नाही. धोतर कमरेस जेथे वर्षानुवर्षे काचते तेथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासमवेत १९४५ सालीच केली होती. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची उदाहरणे प्रसिद्ध केली; एकीस परकराच्या घट्ट नाडीने, तर दुसरीस चाळीस वर्षे कमरेशी कसून नेसलेल्या लुगड्याने जखम होऊन ती पुढे याच थरास गेली. असे क्वचितच घडते, यात शंका नाही, आणि कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि घाम, धूळ आणि घर्षण ही तिन्ही उन्हाळ्यात एकत्र येतात. बारीक नाडीऐवजी दोन-तीन बोटे रुंद पट्टी लावावी, गाठ रोज त्याच जागी घेऊ नये, घरी आल्यावर ती सैल करावी, आणि महिना-महिना न भरणारी जखम असेल तर मलमे चोळीत न बसता डॉक्टरांना दाखवावी. सासूबाईंनी ही गोष्ट लाजेने सांगितली नाही, तर सुनेने आपण होऊन विचारावी.

रंगाविषयी आपल्याकडे फार ठाम समजुती आहेत. उन्हात पांढरे वापरावे हे खरे. परंतु १९८० साली नेगेव्हच्या वाळवंटातील बदाऊनींच्या पोषाखावर जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत काळ्या झग्यातील मनुष्यास पांढऱ्या झग्यातील मनुष्याइतकीच उष्णता पोचते, असे आढळले. काळे कापड अधिक तापते, पण झगा घोळदार असल्याने ती उष्णता हवेबरोबर निघून जाते. अर्थात रंगाहून घोळ महत्त्वाचा. अंगाबरोबर शिवलेला पांढराशुभ्र कुडता निरुपयोगी, आणि सैल निळा सुखाचा!

स्थलभेदही आहेच. नागपूर-चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांवर गेला की बाहेरची हवाच अंगाहून तप्त असते. तेथे लांब बाह्या आणि डोके-कान झाकणारा मोठा रुमाल यांवाचून बाहेर पडू नये. मुंबई-रत्नागिरीस घाम वाळत नाही हीच अडचण. तेथे जाडीभरडी खादी ओली होऊन जड होते व संध्याकाळपर्यंत वाळत नाही. पातळ विणीचे, तोकड्या बाहीचे कापडच तेथे बरे.

आता राहिला तो खरा नाजूक प्रश्न. आजची सून पहाटे ओट्याशी, दहाला दुचाकीवर उन्हात, साडेदहाला कचेरीच्या वातानुकूलित गारठ्यात, आणि सायंकाळी दारी आलेल्या पाहुण्यांपुढे. चार ठिकाणी चार वेष करावयास तिला वेळ नाही, आणि धुवावयास ऐन वैशाखात पाणीही नाही. म्हणून वस्त्र एकच हवे, आणि ते चारही ठिकाणी शोभणारे हवे. कोपरापर्यंत बाहीचा, गुडघ्याखाली जाणारा सैल सुती कुडता, खाली सुती सलवार, आणि वर दोन-अडीच वारांची मलमलीची ओढणी, ही आमच्या मते उत्तम योजना होय. ओढणी उन्हात डोक्यास, कचेरीत खांद्यांस, आणि घरी पदराच्या जागी. बारीक ठशांचे कापड घ्यावे. हळदीचा डाग आणि चुणी त्यात लपतात. आणि खिसा अवश्य ठेवावा : किल्ल्या व मोबाईल हातात घेऊन स्त्रियांनीच का फिरावे?

यावर ‘मामंजींपुढे कुडता कसा?’ असा आक्षेप काही घरांत अद्याप निघतो. उन्हाळ्यात मामंजी स्वतः बंडी व पंचा यांवर ओसरीत बसलेले असतात, हे आम्ही नम्रपणे नजरेस आणतो. सैल कुडत्याने व ओढणीने जेवढे अंग झाकते तेवढे घामाने चिकटलेल्या साडीने झाकत नाही. घरातील वडील स्त्रीने एकदा उघडपणे ‘असू दे’ म्हटले की वाद मिटतो. ते म्हणणे सुनेवर टाकू नये. ज्यांना साडीच आवडते त्यांनी पातळ पोताची सुती पाचवारी खुशाल नेसावी.

असे तीन जोड असले म्हणजे उन्हाळा निभतो : एक अंगावर, एक वाळत, एक घडीत. त्यांतला एक चुण्याचुण्यांच्या सीरसकरचा असावा. हे नाव फारसीतील ‘शीर-ओ-शकर’, म्हणजे दूध-साखर, यावरून आले आहे. त्याच्या चुण्यांमुळे कापड अंगास सर्वत्र चिकटत नाही, आणि इस्त्रीचे कामही वाचते. कांजी या दिवसांत अगदी पातळ द्यावी, कारण दाट कांजीने विणीतील छिद्रे बुजून हवा खेळत नाही. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर हे कपडे ठेवून देताना तर कांजी मुळीच नको; ती साध्या पाण्यात धुऊन काढावी व कपडा कडकडीत वाळवूनच ट्रंकेत घालावा. पावसाळ्यात कसर लागते ती आधी कांजीच्या कपड्याला.