इंग्रजीत खपते, उर्दूत खुपते

फैज अहमद फैज यांचे काव्य छापणाऱ्या कराचीच्या मक्तबा-ए-दानियाल या प्रकाशनसंस्थेत ६ जानेवारी २०२० रोजी काही माणसे शिरली. आपण आय.एस.आय.कडून आल्याचे सांगून त्यांनी एका कादंबरीच्या प्रती उचलून नेल्या. कादंबरी नवी नव्हती. महंमद हनीफ यांची ही पहिलीच कादंबरी, 'अ केस ऑफ एक्स्प्लोडिंग मँगोज', २००८ साली इंग्रजीत निघाली. पहिल्या पुस्तकासाठीचा राष्ट्रकुल पुरस्कार तिला लाभला आणि पाकिस्तानात ती अकरा वर्षे उघडपणे विकली गेली. जप्ती आली ती सय्यद काशिफ रझा यांनी केलेला तिचा उर्दू अनुवाद २०१९ मध्ये बाहेर पडल्यावर.

कादंबरीचा विषय जनरल झिया-उल-हक यांची राजवट व तिचा शेवट. भारतीय मतदारांनी मार्च १९७७ मध्ये आणीबाणीचे सरकार घरी बसवले; त्याच वर्षी ५ जुलैला शेजारी झियांनी सत्ता बळकावली. नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचे अभिवचन हवेत विरले. १९७९ मध्ये भुट्टोंना फाशी झाली, पत्रकारांच्या पाठीवर फटके ओढले गेले. १७ ऑगस्ट १९८८ रोजी बहावलपूरहून निघालेले झियांचे विमान कोसळले. पाकिस्तानी चौकशी मंडळाला घातपाताचा संशय आला, अमेरिकी तज्ज्ञांनी यांत्रिक बिघाडाकडे बोट दाखवले. विमानात आंब्यांच्या पेट्या होत्या, एवढे मात्र सर्वांच्या लक्षात राहिले.

सत्य सरकारी फायलीत अडकते तेथे उपरोधाला मोकळे रान मिळते. हवाई दलाच्या प्रबोधिनीत स्वतः शिकलेल्या हनीफ यांनी संशयितांची रांगच उभी केली आहे. पित्याच्या मृत्यूचा सूड घेऊ पाहणारा छात्र अली शिग्री आहे, महत्त्वाकांक्षी सेनाधिकारी आहेत, आणि झैनब ही अंध स्त्री आहे. तिच्यावर बलात्कार झाला, म्हणून व्यभिचाराच्या आरोपाखाली शिक्षा तिलाच! तिचा शाप एक कावळा वाहून नेतो. कावळा कल्पित आहे. शिक्षा तितकीशी नाही. हुदूद कायद्याखाली १९८३ च्या सुमारास एका अंध मुलीला कैद व फटके खरोखरच फर्मावले गेले होते. देशभर संताप उसळला आणि वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

लाहोरच्या किल्ल्यातील अंधारकोठडीत सफाई कामगार संघटनेचा सरचिटणीस भेटतो. भिंतीच्या भोकातून तो शिग्रीशी बोलतो आणि तेथेही तात्त्विक वाद सोडत नाही. डाव्या वाचकाला येथे हसू येईल, पण थोडे ओशाळवाणे. हुकूमशहाची टिंगल करणारा लेखक त्याच्या विरोधकांचीही आरती ओवाळत नाही, हे या कादंबरीचे मोठे बळ.

मग हीच कादंबरी अकरा वर्षे सत्तेला खुपली कशी नाही? उत्तर बाजारपेठेत शोधले पाहिजे. इंग्रजी ग्रंथाचा ग्राहक हा लहानसा, सुस्थित वर्ग. त्याने दिवाणखान्यात बसून लष्करशहाला हसावे; त्याने छावणीतला पहारा ढळत नाही. किंबहुना अशा हसण्याची परवानगी दिल्याने राजवटीच्या उदारपणाचा बोलबालाच होतो. या पुस्तकाला सेन्सॉरची गरज नव्हती. भाषा आणि किंमत यांनी ते काम परस्पर केले होते. उर्दू ही मात्र शाळामास्तरांची, कारकुनांची, शिपायांचीही भाषा. जप्तीपूर्वी झियांच्या मुलाने एक अब्ज रुपयांच्या भरपाईची नोटीस धाडल्याचे हनीफ यांनी सांगितले. कुटुंबाची अब्रूही इंग्रजीत अकरा वर्षे सुरक्षित होती म्हणायची!

पुरोगामी वर्तुळांचा व्यवहारही याहून फार निराळा नाही. प्रकाशन समारंभ, परीक्षणे, पारितोषिके ही इंग्रजी आवृत्तीच्या वाट्याला येतात. अनुवादक आणि देशी भाषेतील प्रकाशक यांच्या वाट्याला जोखीम येते. मक्तबा-ए-दानियालने ती पत्करली. जप्तीच्या दिवशीच हनीफ यांनी जाहीर केले होते की ती माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार आहेत. या खेपेस त्यांना हव्या होत्या त्या ही कादंबरी विकणाऱ्या दुकानदारांच्या याद्या.