औंढ्याची वेधशाळा आणि आमचे कुलूपबंद कपाट



23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. आपल्याच राज्यातल्या बेंगळुरूमधून नियंत्रित होणारे चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. पुढच्या काही दिवसांत प्रज्ञान बग्गीने तिथल्या मातीत गंधक शोधले. चंद्राची वरची माती सुमारे 50 अंश तापलेली असताना केवळ आठ सेंटिमीटर खाली उणे 10 अंश तापमान असल्याचेही कळले. आपण टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि कामाला लागलो. चंद्र दूरचा होता. पण विज्ञान आता आपल्या अंगणाजवळ येत आहे.

मागे एका पालकांनी आम्हाला विचारले, "सर, औंढ्याला आम्ही दर्शनाला जातो. तिथं आता कसली मशीन बसवायलेत म्हणं?" प्रश्न फार मोलाचा आहे. उदगीर, नांदेड ओलांडले की हिंगोली जिल्ह्यातले हे औंढा नागनाथ. 1956 पर्यंत ते आणि आपले बीदर-गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. 2030 च्या सुमारास ती सुरू व्हावी, असे नियोजन आहे.

या वेधशाळेत दुर्बीण नसते. काटकोनात दोन लांबच लांब नळ्या असतात, प्रत्येकी चार किलोमीटरची. एकच लेसर किरण दुभागून दोन्हींत सोडतात. टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. दोन्ही बाजूंची लांबी जरा जरी बदलली, तरी परतलेल्या किरणांच्या जुळणीत फरक पडतो. अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशच ताणले-आकुंचले जाते आणि त्याच्या लहरी आपल्यापर्यंत येतात. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी ती लहर प्रथम टिपली. ती सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून आली होती, आणि चार किलोमीटरमध्ये तिने घडवलेला बदल प्रोटॉनच्या रुंदीचा शंभरावा भागसुद्धा नव्हता! दूरवर आणखी एक यंत्र असले, तर लहर आकाशातून नेमकी कुठून आली हे अधिक अचूक कळते. म्हणून औंढा.

विश्वाच्या जन्मानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांपर्यंत प्रकाशाला मोकळी वाट नव्हती. सारे दाट धुक्यासारखे होते. त्याआधीचे काही थेट कळायचे असेल, तर भविष्यात अशा लहरींचाच आधार घ्यावा लागेल.

आता कोणी म्हणेल, मराठी शाळेतल्या मुलांना हे कसे झेपणार? आम्ही स्वतः हिंदी माध्यमाचे पदवीधर आहोत. भाषा ही भिंत नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसच्या शाळेत शिकलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल त्यांनी साऱ्या जगाशी वाद घातला. 1974 साली 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा त्यांनी मराठीतच लिहिली. 2025 मध्ये ते गेले. लायगोची पहिली लहर येण्याआधी चाळीस वर्षे हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला होता. कन्नड आणि इंग्रजी आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण समज आधी आपल्या भाषेत यावी.

अडचण भाषेची नाही, कपाटाची आहे. आमच्या प्रयोगशाळेतले लोलक आणि आरसे वर्षानुवर्षे खोक्यांतच आहेत. फुटतील या भीतीने आम्हीच कुलूप लावले. मुले अपवर्तनाची व्याख्या घडाघडा म्हणतात, पण किरण वाकताना त्यांनी पाहिलेला नसतो. हा दोष आमचा आहे, तो आम्ही मान्य करतो.

विश्वस्त मंडळापुढे नव्या स्वागत कमानीचा विषय आहे. आमची नम्र विनंती आहे की कमान दोन वर्षे थांबावी आणि ती रक्कम प्रयोगशाळेला मिळावी. पालकांनी गाइडसोबत एक साधे भिंगही घरी आणावे. आठवड्यातून एक तास मुले स्वतःच्या हाताने प्रयोग करतील, ही जबाबदारी आमची. काही फुटले, तर फुटू द्या.

मुलांनो, औंढ्याच्या वेधशाळेला अभियंते, तंत्रज्ञ, संगणक जाणणारे, गणित जाणणारे असे अनेक हात लागतील. तुम्ही तिथे नुसते फाटकाबाहेरून पाहणारे व्हावे, की आत काम करणारे, हे बऱ्याच अंशी त्या कपाटाच्या किल्लीवर ठरेल. किल्ली आम्ही काढून ठेवली आहे.