सोडायचं काय आणि कुणी?

आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. भायखळ्याच्या आमच्या खोलीतच तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, शेजारी आईचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या शेजारणी. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं आणि मग अनित्यतेवर बोलले. जे जन्माला आलं ते जाणार, धरून ठेवाल तेवढं दुःख वाढेल, असं साध्या शब्दांत सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं. चार वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मीच करत होते. ती गेल्यावर हातांना काही कामच उरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात दादा एक कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. आम्ही दोघी बहिणींनी आईच्या खोलीवरचा हक्क दोघा भावांसाठी सोडून देत आहोत, असा मजकूर. मी काही बोलेना तेव्हा दादा म्हणाला, "अगं, भन्तेजींनी सांगितलं ते ऐकलंस ना? सगळं इथंच सोडून जायचंय. मग एका खोलीत कशाला जीव अडकवतेस?" धाकट्या बहिणीनं लगेच सही केली. "राहू दे गं ताई, माहेर तरी राहील," असं म्हणाली. मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. धम्मात जे सोडायला सांगितलंय ते हेच का?

मैत्रिणींनो, ही खोली कशी झाली ते आधी सांगते. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले वडील एक. ते परत आत गेलेच नाहीत. आई भायखळा स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायला लागली. पहाटे मंडईतून माल उचलायचा, निवडायचा, दुपारी उन्हात आणि रात्री दिव्याखाली विकायचा. पुढे घाऊक बाजार वाशीला गेला तेव्हा इतर बायकांबरोबर टेंपोनं वाशीला जाऊ लागली. आमची जुनी उपकर भरणारी इमारत पाडून नवी बांधली गेली, तोवर वडील वारले होते. दोनशे पंचवीस चौरस फुटांची खोली आईच्या नावावर मालकीची झाली. त्याच खोलीत मी, नवऱ्यानं टाकलेली मुलगी, परत आले. आईनं एका शब्दानं विचारलं नाही की किती दिवस राहणार.

गिरणगावात वाढलेल्या बाईला अनित्यता शिकवावी लागत नाही. पहाटेचा भोंगा कायमचा आहे असं आम्हाला वाटायचं. तो गेला, चिमण्या पडल्या, तिथे मॉल आणि टॉवर आले. "जमाना बदलला, आता विसरा," असं कामगारांना सगळ्यांनी सांगितलं. पण जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची व्हायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. म्हणजे अनित्यतेचा धडा कामगाराला आणि जमीन मालकाला. दादानं पुढे केलेला कागद मला त्याच जातीचा वाटला. तोच दादा वडिलांची नोकरी गेली तेव्हा अन्याय म्हणून पेटून उठला होता, हे मी विसरलेले नाही.

दरवर्षी वर्षावासात आमच्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन होतं. वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बहुतेक बायकाच. दादाच्या बोलण्यानंतर मी अनित्यतेचं प्रकरण पुन्हा काढून बसले. बाबासाहेब तिथे स्पष्ट सांगतात की आसक्ती नको. मालमत्तेचीही नको आणि जिवलग माणसांचीही नको. पण तेवढंच सांगून ते थांबत नाहीत. वस्तू अनित्य आहेत म्हणूनच बदल होऊ शकतो, वाढ होऊ शकते, हाही त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. सनातन या शब्दाच्या बरोबर विरुद्ध शब्द अनित्य. जात कायमची नाही, रूढी कायमच्या नाहीत, बाईनं हात पसरायचा आणि पुरुषानं द्यायचं ही रीतही कायमची नाही. ज्या विचारानं आपल्या आजीला गावकुसाबाहेरून उठून चालू लागायचं बळ दिलं, तोच विचार नातीला गप्प बसवायला वापरला जातो, हे मला सहन होत नाही.

थेरीगाथेतल्या भिक्षुणींकडे पाहा. पटाचारेचा नवरा, दोन मुलं, आईवडील, भाऊ, सगळे थोड्या काळात गेले. ती वेडीपिशी होऊन उघडी फिरत होती. लोक तिला हाकलत होते. ती बुद्धापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी तिला जवळ येऊ दिलं, कुणीतरी अंगावरचं वस्त्र तिला दिलं, आणि मग धम्म सांगितला गेला, अशी कथा आहे. क्रम लक्षात घ्या. आधी वस्त्र, मग उपदेश. किसा गोतमी मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत होती. तिलाही "सोडून दे" असं बुद्धानं म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण म्हणून तिला दारोदार पाठवलं. दारं पालथी घालताना तिचं तिला कळलं, आणि तिनं तिच्या हातानं लेकरू खाली ठेवलं. आणि मुत्ता? तिनं काय सुटल्याचा आनंद सांगितला? उखळ, मुसळ आणि नवरा! या बायकांनी दुःख सोडलं, ओझं सोडलं. आपला वाटा भावाच्या पदरात टाकून कुणी थेरी झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता पुरुषांच्या सोडण्याबद्दल. भायखळ्यापासून परळ काही लांब नाही. तिथे धर्मानंद कोसंबींनी १९३७ साली बहुजन विहार उभारला. बौद्ध धर्माचं ज्ञान मराठी माणसाच्या दारी आणणाऱ्या या विद्वानाबद्दल मला आदर आहे. पण १८९९ साली ज्ञानाच्या शोधात त्यांनी गोव्यातलं घर सोडलं तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्यांनी घर सोडलं म्हणजे बाळाबाईंनी ते धरून ठेवलं. कुणीतरी धरून ठेवतं म्हणून कुणालातरी सोडता येतं. पुढे त्यांच्याच नात मीरा कोसंबी स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात आल्या आणि आजोबांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत नेलं. मला या वंशावळीत एक न्याय दिसतो.

बाबासाहेबांनाही हा प्रश्न टोचला असावा असं मला वाटतं. रूढ कथेत सिद्धार्थ रात्री झोपलेल्या यशोधरेला न सांगता निघून जातो. बाबासाहेबांच्या ग्रंथात तसं नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटतं, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून परिव्रज्या पत्करतो. घर सोडण्याआधी तो यशोधरेशी बोलतो, तिची संमती घेतो. सोडून जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्या बाईला विचारलं पाहिजे, एवढी तरी अट त्या कथेत आहे. आमच्या हक्कसोडपत्रात तेवढीही नव्हती. टाईप करून आणल्यावर मला दाखवलं.

कायदा काय म्हणतो तेही लिहिते, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींना अजून वाटतं की बौद्धांना वेगळा कायदा आहे. तसं नाही. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाईच्या नावावरची मालमत्ता पूर्णपणे तिची. तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल आणि नवरा हयात नसेल तर मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. लग्न झालेली, टाकलेली, विधवा, कुठलीही मुलगी असो. आमच्या घरात चार भावंडं, म्हणजे चार वाटे. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की सहजासहजी मागे घेता येत नाही. हा कायदा १७ जून १९५६ ला अमलात आला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन्ही एकाच वर्षात. त्याआधी १९५१ साली, इतर कारणांबरोबरच हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यांनी खुर्ची सोडली, बायकांचा वाटा सोडला नाही. त्यांचं नाव घेणाऱ्या घरात बहिणीनं वाटा सोडणं हा मोठेपणा कसा ठरतो?

पण मैत्रिणींनो, इथवरचं सगळं दादाबद्दल झालं. स्वतःबद्दल लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल.

मी काही वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. मांडी घालून बसल्यावर गुडघ्यातून कळा यायच्या. हलू नकोस, नुसती पाहा, असं शिकवत होते. पाहत राहिलं की कळ वाढायची, थांबायची, मग विरायची. हक्कसोडपत्राच्या दिवसांत मी रोज रात्री तशी बसू लागले. आधी वाटलं, मला खोलीचा लोभ आहे का? पाहत राहिले. खोलीचा लोभ फारसा सापडला नाही. डोक्यावर छप्पर हवं एवढंच होतं, आणि ती गरज आहे, तृष्णा नव्हे. सापडलं ते वेगळंच. दादानं मला चांगली बहीण म्हणावं, वहिनीनं दारात हसून 'या' म्हणावं, चार लोकांत "हिनं भावांसाठी सगळं सोडलं" असं म्हटलं जावं. याची मला केवढी भूक होती! पेन हातात घेतलं होतं ते या भुकेपोटी. धाकटीनं सही केली तीही याच भुकेपोटी.

आपण बायका हक्कसोडपत्रावर सही करतो तेव्हा सगळे त्याला त्याग म्हणतात. मला आता वाटतं की बहुतेक वेळा ते धरून ठेवणंच असतं. माहेर कायम राहावं म्हणून आपण किंमत मोजतो. जे कायमचं नाही त्याला कायम ठेवायची ही धडपड. आई गेली तेव्हाच माझं माहेर संपलं होतं, सहीनं ते परत येणार नव्हतं. बाबासाहेबांच्या ग्रंथात मालमत्तेच्या जोडीला जिवलग माणसांचीही आसक्ती नको असं आहे. दादानं त्यातली पहिली गोष्ट मला ऐकवली. मी दुसरीही घेतली.

मी सही केली नाही. खोली विकायची असेल तर चार सारखे वाटे करू, नाहीतर मी इथं राहते तशी राहीन, असं सांगितलं. धाकटीनं सोडलेल्या वाट्याबद्दल तिच्याशी अजून बोलते आहे. दादा बुद्धपौर्णिमेला आला नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं शेजाऱ्याकडून तोंडी आलं. दुखलं, खूप दुखलं. पण बसले, पाहिलं, आणि तेही थोडं विरलं. पुरतं विरलं असं म्हणणार नाही.

सोडलं काही नाही असंही नाही. आईच्या साड्या वर्षभर तशाच घडी करून ठेवल्या होत्या. या वर्षावासात त्या मंडळातल्या बायकांना वाटल्या. एक जण तिची हिरवी साडी नेसून वाचनाला आली, तेव्हा घशात आवंढा आला आणि बरंही वाटलं. तिचा तराजू आणि वजनं स्टेशनबाहेर नव्यानं भाजी विकायला बसलेल्या एका मुलीला दिली. ही खोलीही कायमची नाही हे मला ठाऊक आहे. इमारत जुनी होईल, मी जाईन. पण आज ती कुणाच्या नावावर आहे, यावर आज रात्री मी कुठे झोपणार हे ठरतं.

म्हणून एक सुचवते. विहारात, मंडळात अनित्यतेवर प्रवचन होईल त्या आठवड्यात वारसा कायद्यावरही एक बैठक घ्या. आणि एखादी बहीण हक्कसोडपत्र घेऊन आली तर "करू नकोस" असं एकदम सांगू नका. तिला विचारा, हे कुणी सोडायचं आणि कुणी घ्यायचं? सोडल्यावर तुझ्या अंगावर वस्त्र राहतं का? आणि खरं सांग, तू खोली सोडतेस की माहेर धरून ठेवतेस? तिची मोहरी तिला शोधू द्या. मात्र ती दारोदार फिरत असताना आपलं दार उघडं असलं पाहिजे.